सायनसची शस्त्रक्रिया आणि दोन मिलिमीटरांचा प्रश्न

सायनसच्या जुनाट आजारावर नाकातून दुर्बीण घालून जी शस्त्रक्रिया केली जाते, तिच्यात 'नेव्हिगेशन' या नावाने ओळखली जाणारी प्रतिमा-मार्गदर्शनाची पद्धती वापरायची असेल, तर त्या पद्धतीची अचूकता बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेच्या आधीच, म्हणजे सीटी स्कॅन काढला जातो त्या वेळीच ठरून जाते. आणि हरसूल, ठाणापाडा किंवा वाघेरा भागातून नाशिकला जाणाऱ्या रुग्णाला नेमकी हीच गोष्ट आधी कोणी सांगत नाही. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे, परंतु सीटी स्कॅनसाठी त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठावे लागते, त्यामुळे एखादी तपासणी वाया गेली की तिच्याबरोबर दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि सोबत आलेल्या माणसाचा खाडा हेही वाया जाते. प्रस्तुत लेखक याच परिसरातील असून याच आजाराचा रुग्ण राहिलेला आहे. म्हणून पुढील विवेचनात काही ठिकाणी त्याच्या उपचारांचा आधार घेतला आहे, मात्र तो आधार कोणा केंद्राची वा डॉक्टरांची तक्रार मांडण्यासाठी नसून इतरांचा हेलपाटा वाचावा एवढ्यापुरताच आहे.

नाक बंद राहणे किंवा पुढून अथवा घशात मागून चिकट स्राव उतरणे, आणि त्याच्या जोडीला गाल-कपाळ जड होणे किंवा वास न येणे, अशी लक्षणे सलग १२ आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकली आणि दुर्बिणीच्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज, पू अथवा मांसल कोंब दिसले, तर त्याला दीर्घकालीन सायनसदाह म्हणतात. केवळ डोके दुखते म्हणून सायनस, हे समीकरण फारसे खरे नाही. अर्धशिशीचे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षे सायनसच्या गोळ्या घेत राहतात. गावाकडे या तक्रारींना 'सर्दी डोक्यात शिरली' किंवा 'नाकाचे हाड वाढले' असे म्हटले जाते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजले जातात तेव्हा शिवारावर साचणाऱ्या धुराने, तसेच बंद घरातील चुलीच्या धुराने हा त्रास वाढतो, हा येथील घरोघरचा अनुभव आहे. एक बाब मात्र वेगळी काढून सांगितली पाहिजे. त्रास एकाच बाजूला असेल, स्रावाला दुर्गंधी असेल किंवा त्यात रक्त येत असेल, तर वरच्या दाढेचे कुजलेले मूळ, बुरशीचा गोळा किंवा गाठ यांपैकी काही आहे का, हे आधी पाहावे लागते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या सायनसच्या तळाला इतकी लागून असतात की दाढेतील पू सरळ सायनसमध्ये उतरू शकतो, आणि अशा वेळी दाढेवर उपचार न करता नाकाची शस्त्रक्रिया केल्यास आजार हटत नाही.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि नाकात स्टिरॉइडचा फवारा नियमाने काही आठवडे मारणे हा पहिला उपचार होय, आणि तो खरोखर नियमाने झाला की नाही हे विचारल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या डॉक्टरांबाबत रुग्णाने थोडे सावध राहिलेले बरे. नाक धुण्याचे पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. विहिरीचे, ओढ्याचे किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात गेल्यास अमिबामुळे होणारा मेंदूचा आजार क्वचित पण बहुधा प्राणघातक ठरतो, आणि केरळमध्ये २०२४ व २०२५ मध्ये अमिबाजन्य मेंदूदाहाचे जे रुग्ण आढळले त्यांच्यामुळे हा धोका केवळ पुस्तकी राहिलेला नाही. पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, हे प्रमाण घरी सहज जमते.

उपचार करूनही आजार हटला नाही तर सायनसची तोंडे मोकळी करणारी शस्त्रक्रिया सुचवली जाते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले की गालाच्या आणि कपाळाच्या सायनसचा आजार बहुधा नाकाच्या बाजूच्या भिंतीतील एका चिंचोळ्या सामाईक वाटेत सुरू होतो, आणि ती वाट मोकळी केली की मोठ्या पोकळ्यांचे अस्तर आपोआप सुधारते. १९७८ मधील त्यांच्या ग्रंथाने आणि पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी रूढ केलेल्या नावाने ही पद्धत जगभर गेली, आणि महाराष्ट्रातही डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांमुळे ती रुळली. ओठाखाली छेद देऊन गालाचे हाड फोडण्याची जुनी शस्त्रक्रिया त्यामुळे मागे पडली.

नव्या पद्धतीत बाहेर टाका दिसत नाही, म्हणून ती किरकोळ आहे असा समज होतो. पण तिचे क्षेत्र फार अवघड जागी आहे. दोन डोळ्यांच्या मध्ये पोळ्यातील कप्प्यांसारख्या लहान-लहान पोकळ्यांचा जो समूह असतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला डोळ्याची खोबण असते आणि दोहोंमधले हाड इतके पातळ असते की शरीरशास्त्राने त्याला कागदी पत्र्याचेच नाव दिले आहे. वरच्या अंगाला मेंदू असतो. घ्राणेंद्रियाचे तंतू जेथून खाली उतरतात त्या चाळणीसारख्या हाडाची बाजूची भिंत काही जणांत ०.२ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते, आणि ती किती खोल उतरली आहे यावरून केरोस यांनी १९६२ मध्ये तीन प्रकार केले: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर. खोली जितकी जास्त, तितकी ती पातळ भिंत शस्त्रक्रियेच्या वाटेत अधिक उघडी पडते, आणि तिला छिद्र पडले तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू लागते. सर्वांत मागच्या सायनसच्या बाजूच्या भिंतीत दृष्टीचा मज्जातंतू आणि मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी असते. काही जणांत त्यांच्यावरचे हाडाचे आवरण अपुरे असते, तर काहींत मधल्या समूहातील मागचा एक कप्पा या सायनसच्या वर सरकलेला असून दृष्टीचा मज्जातंतू त्या कप्प्यातूनच जातो. हंगेरीच्या ओनोडी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कप्पा सीटीवर दिसतो. मात्र तो तेथे असू शकतो हे ध्यानात ठेवून पाहणाऱ्यालाच तो दिसतो.

प्रतिमा-मार्गदर्शनाची गरज या शरीररचनेतून निर्माण झाली. १९७१ मध्ये सीटी स्कॅन पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील आखेन येथे श्लोंडोर्फ, म्योसगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीच्या चित्रावर अवजाराच्या टोकाची जागा दाखवणारी यंत्रणा कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेत आणली. आजच्या यंत्रणेत पडद्यावर चार चौकटी असतात: तीन चौकटींत रुग्णाच्या डोक्याचा समोरून, बाजूने आणि वरून घेतलेला छेद, तर चौथीत दुर्बिणीतून त्या क्षणी दिसणारे दृश्य, आणि शल्यचिकित्सकाने हातातील अवजार जेथे टेकवले असेल तेथे तिन्ही छेदांवर एक फुली उमटते. अवजाराचा माग दोन प्रकारे घेतला जातो. एका प्रकारात कॅमेरा अवरक्त किरणांनी अवजारावरचे आणि कपाळावरील पट्ट्यावरचे मणी पाहतो, म्हणून मध्ये कोणाचा हात आला की माग तुटतो. दुसऱ्यात डोक्याजवळ सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते, तेथे आडव्या हाताची अडचण नसते, पण जवळच्या लोखंडी वस्तूंमुळे फुली सरकू शकते. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्याने ही गोष्ट आधीच सांगणे आवश्यक असते.

या यंत्रणेची अचूकता साधारणपणे २ मिलिमीटरच्या आसपास धरली जाते. ऐकायला हा आकडा फार चांगला वाटतो. परंतु मेंदूखालची भिंत ०.२ मिलिमीटर असेल, तर यंत्राची संभाव्य चूक त्या भिंतीच्या जाडीच्या दहापट होते, आणि फुली भिंतीच्या अलीकडे दिसत असताना अवजार पलीकडे गेलेले असणे शक्य असते. म्हणून 'आपण कोणत्या भागात आहोत' या प्रश्नाचे उत्तर हे यंत्र चांगले देते. 'आणखी एक मिलिमीटर पुढे जावे का' या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याकडे नसते, ते शल्यचिकित्सकाच्या हाताला आणि डोळ्यालाच द्यावे लागते. दुसरी मर्यादा अशी की पडद्यावरचे चित्र शस्त्रक्रियेआधीचे असते. हाड काढून टाकले तरी पडद्यावर ते जागच्या जागीच दिसत राहते, आणि मऊ ऊती सरकल्या, सुजल्या किंवा रक्ताने भरल्या तर त्याची खबर चित्राला लागत नाही.

येथे सीटी स्कॅनचा प्रश्न येतो, आणि अनुभव सांगण्यासारखा आहे तो मुख्यतः याच टप्प्याचा. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या तपासणीच्या चिठ्ठीवर केवळ सायनसचा सीटी एवढेच लिहिलेले होते, आणि केंद्राने त्या शब्दांप्रमाणे काम चोखच केले: सायनसपुरते छेद घेतले, छेदांतील अंतर ३ मिलिमीटर ठेवले आणि मोठ्या फिल्मवर चित्रे छापून लिफाफ्यात घालून दिली. निदानासाठी ती पुरेशी होती. शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात मात्र फिल्म उजेडासमोर धरताच तेथील तंत्रज्ञाने बोट ठेवून दाखवले की नाकाचा शेंडा चित्राच्या कडेबाहेर राहिला आहे आणि कपाळ भुवयांच्या थोडे वर तोडले गेले आहे. आणि यंत्राला फिल्म चालत नाही, त्याला संगणकीय फाइल लागते, ती तर दिलेलीच नव्हती. तपासणी पुन्हा करावी लागली, तिचा खर्च पुन्हा झाला, आणि डोक्याला किरणोत्सर्गाची मात्राही पुन्हा मिळाली.

यंत्राला नाकाचा शेंडा कशासाठी हवा, हे समजून घेतले तर पुढचे सगळे आपोआप लक्षात राहते. भूल दिल्यानंतर यंत्राला टेबलावरचे डोके आणि सीटीतील डोके एकमेकांशी जुळवून द्यावे लागतात. त्यासाठी शल्यचिकित्सक एक कांडी रुग्णाच्या कपाळावरून, भुवयांवरून, नाकाच्या दांड्यावरून आणि गालाच्या उंचवट्यांवरून फिरवतो, यंत्र त्या स्पर्शबिंदूंचा आकार सीटीतील त्वचेच्या पृष्ठभागाशी ताडून पाहते, आणि दोन्ही बसले की जुळणी झाली असे मानले जाते. चेहऱ्याचा जो भाग सीटीत नाही तो जुळवता येत नाही. छेद जाड असतील तर पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा होतो. आणि स्कॅनच्या वेळी मान हलली तर सगळेच बिघडते. शिवाय जुळणीचे सर्व बिंदू चेहऱ्यावर, म्हणजे पुढच्या बाजूला असल्यामुळे चूक पुढे कमी असते आणि मागे सर्वांत खोल सायनसकडे जावे तसतशी वाढत जाते. धोका मात्र तेथेच सर्वाधिक असतो. जुळणी झाल्यावर माहितीच्या जागांना, जसे नाकाच्या पडद्याला आणि नाकातील मधल्या हाडाच्या पुढच्या टोकाला, अवजार टेकवून पडद्यावरची फुली तेथेच पडते का हे पाहणे, आणि शस्त्रक्रिया चालू असतानाही ते पुन्हा पुन्हा पडताळणे, ही चांगल्या शल्यचिकित्सकाची सवय असते.

तेव्हा शस्त्रक्रिया नेव्हिगेशनने व्हायची शक्यता असेल, तर सीटीला जाण्यापूर्वी त्या रुग्णालयातून 'नेव्हिगेशन प्रोटोकॉल'ची लेखी चिठ्ठी घ्यावी आणि ती सीटी केंद्राच्या खिडकीवर नव्हे तर आत तंत्रज्ञाच्या हातात द्यावी. चिठ्ठीत सर्वसाधारणपणे एवढे असते: छेद १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ आणि सलग, यंत्राची कमान तिरपी न करता, नाकाच्या शेंड्यासह पूर्ण चेहरा व कपाळ आणि बहुधा दोन्ही कान येतील असे. चष्मा, नथ, कानातले काढून ठेवावे, चेहऱ्यावर घट्ट पट्टा बांधू देऊ नये, आणि निघताना फिल्मबरोबर मूळ 'डायकॉम' स्वरूपातील फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावी. मोबाइलवर पाठवलेली छायाचित्रे त्या कामाची नसतात. ताजी सर्दी अंगात असताना स्कॅन केला तर साध्या सर्दीची सूजही आजार म्हणून दिसते, म्हणून डॉक्टरांनी ठरवलेला औषधोपचार झाल्यावरच तो काढलेला बरा. गर्भवती स्त्रीने दिवस गेल्याचे, किंवा तशी शंका असली तरी, तंत्रज्ञाला आधी सांगितले पाहिजे. सीडी उन्हापावसात चरे पडून खराब होते. शक्य तर तिची एक प्रत घरात वेगळी ठेवावी, कारण दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीची रचना दाखवणारा पुरावा तोच असतो.

हे यंत्र प्रत्येकाला लागते असे मात्र मुळीच नाही. गालाच्या सायनसचा साधा आजार, पहिलीच शस्त्रक्रिया आणि सरळ शरीररचना असेल, तर अनुभवी हाताला सीटी भिंतीवर लावून नीट वाचणे पुरते. ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली आहे आणि ओळखीच्या खुणाच उरलेल्या नाहीत, ज्यांच्या नाकात दोन्ही बाजूंनी मांसल कोंब गच्च भरले आहेत, ज्यांचा आजार कपाळाच्या किंवा सर्वांत मागच्या सायनसमध्ये आहे, ज्यांच्यात बुरशीच्या घट्ट चिखलाने हाड पातळ होऊन डोळ्याकडे वा मेंदूकडे फुगले आहे, ज्यांच्या नाकातून मेंदूचे पाणी गळते किंवा ज्यांना गाठ आहे, त्यांच्यासाठी मात्र त्याचा आग्रह धरण्यास कारण आहे. महाराष्ट्रात या यादीत आणखी एक वर्ग आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस पसरला, केंद्र सरकारने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले, आणि राज्यात मोठ्या संख्येने रुग्णांच्या सायनसमधील कुजलेले हाड व ऊती घाईने काढाव्या लागल्या. त्यांपैकी कोणाला आज पुन्हा त्रास झाला, तर त्यांच्या नाकाची आतली रचना पुस्तकातील चित्राशी जुळणारी राहिलेली नसते.

यंत्राने अपघात किती कमी होतात, याविषयी वैद्यकीय वाङ्मयात एकमत नाही. मोठी गुंतागुंत, म्हणजे डोळ्याला इजा, मेंदूच्या पाण्याची गळती किंवा धोकादायक रक्तस्राव, मुळातच शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, आणि इतक्या विरळ घटनेतला फरक सिद्ध करण्यास हजारो रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागावे लागेल. तसा पुरेसा मोठा प्रयोग झालेला नाही. २०१३ मध्ये उपलब्ध तुलनात्मक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात यंत्र वापरलेल्या गटात मोठी गुंतागुंत कमी दिसली, तर इतर परीक्षणांना तसा ठाम फरक आढळला नाही. 'संगणकाने होणारे बिनधोक ऑपरेशन' ही जाहिरातीची भाषा त्यामुळे टिकत नाही. रुग्णाने यंत्र आहे का हे विचारण्याआधी शल्यचिकित्सकाने सीटी समोर लावून मेंदूखालच्या हाडाची खोली, ओनोडीचा कप्पा आणि डोळ्याची भिंत आपल्याला दाखवली का, हे पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते करणारा डॉक्टर बहुधा यंत्रही जपून वापरतो.

पैशाचा विषय थोडक्यात असा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही तिच्या कक्षेत येतात. परंतु सुचवलेली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होते का, आणि नेव्हिगेशनचे वेगळे शुल्क लागते का, या दोन प्रश्नांची उत्तरे आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच मिळवावीत. शिधापत्रिका आणि आधारवरील नावात फरक असेल तर तो नाशिकला पोहोचल्यावर निस्तरत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारी गोळी, दमा आणि वेदनाशामक गोळीने दम लागण्याचा पूर्वानुभव, या तीन गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत. दमा, नाकातील कोंब आणि ॲस्पिरिनचे वावडे ही तिन्ही काही वेळा एकाच रुग्णात आढळतात, आणि अशा रुग्णात कोंब पुन्हा उगवण्याची प्रवृत्ती अधिक असते. विडी, तंबाखू आणि मिश्री सुटली तर जखम लवकर भरते. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र, आणि पावसाळा असेल तर शक्यतो पुढचे एक-दोन दिवसही, रुग्णालयाच्या जवळपास काढावेत, कारण डोळ्याच्या खोबणीत रक्त साचू लागले तर दृष्टी वाचवण्यासाठी हातात तास नव्हे तर मिनिटे असतात आणि घाटरस्त्यावर ती मिळत नाहीत. डोळा सुजून पुढे येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नजर अंधुक होणे, खाली वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ स्राव टपकणे, ताप येऊन मान आखडणे, किंवा थांबत नसलेले रक्त, यांपैकी काहीही झाले तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रिया झाली तेथेच कळवावे. दोन आठवडे तरी नाक शिंकरू नये. शिंक आल्यास ती तोंड उघडे ठेवून द्यावी, कारण दाब देऊन शिंकरल्यास हवा त्या कागदी हाडातून डोळ्याभोवती शिरू शकते. हंडा उचलणे, लाकडे फोडणे, चिखलणीला उतरणे हेही तेवढे दिवस बंद ठेवावे लागते. साधारण आठवड्याने नाकातील खपल्या दुर्बिणीखाली काढण्यासाठी परत जावे लागते. बरे वाटते आहे म्हणून ही फेरी टाळली जाते, आणि मग मोकळी केलेली तोंडे चिकटून पुन्हा बंद होतात. फवारा आणि धुणे त्यानंतरही चालू राहते, कोंबांच्या रुग्णांत तर वर्षानुवर्षे, कारण शस्त्रक्रियेने औषधाला आत जाण्याची वाट मिळते, आजाराची प्रवृत्ती मात्र अस्तरातच राहते.